उतरवलेले गाणे आणि वाहते गाणे

घरच्या संगणकावर गाणे किंवा चित्रपट मिळवण्याच्या दोन रीती गेल्या तीन दशकांत रूढ झाल्या. पहिल्या रीतीत संपूर्ण फाइल दूरच्या संगणकावरून आपल्या हार्ड डिस्कवर आणून ठेवली जाते आणि मग ती कधीही, कितीही वेळा, इंटरनेटची जोडणी नसतानाही वाजवता येते, हे डाउनलोड. दुसऱ्या रीतीत फाइलचे लहान लहान तुकडे क्रमाने येत राहतात, आले तसे वाजतात आणि वाजून झाले की टाकून दिले जातात, हे स्ट्रीमिंग. डाउनलोडसाठी मराठीत ‘उतरवून घेणे’ हा शब्दप्रयोग सहज रुळला, कारण आकाशवाणीवर लागलेल्या गाण्याचे शब्द वहीत उतरवून घेण्याची सवय मराठी घरांना आधीपासूनच होती. स्ट्रीमिंगला मात्र तितका घरगुती शब्द मिळाला नाही. ‘प्रवाही प्रसारण’ हा पर्याय कागदावरच राहिला आणि लोक ‘ऑनलाइन ऐकणे’ म्हणू लागले. तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर दोन्ही रीतींत माहिती सारखीच येते आणि फरक पडतो तो ती आल्यानंतर, म्हणजे प्रत कोणाकडे राहते या प्रश्नावर. भारतीय घरांपुरते बोलायचे तर या दोहोंतली निवड रसिकतेने किंवा यंत्राच्या कुवतीने जितकी केली, त्याहून अधिक ती टेलिफोन खात्याच्या आणि इंटरनेट कंपन्यांच्या दरपत्रकाने केली, असे या इतिहासावरून दिसते.

ही द्विधा संगणकाबरोबर जन्मली नाही. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गदिमा आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले आणि आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोड्या अधिक काळात छप्पन्न गीते लोकांनी ऐकली, ज्याची वेळ चुकली त्याचे गीत चुकले. आकाशवाणी वाहती होती आणि ध्वनिमुद्रिका साठवणीची, आणि या दोहोंच्या मध्ये पुढे कॅसेट आली, तेव्हा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, निवेदकाचे बोलणे संपण्याची वाट पाहत, लाल बटण दाबून वाहते गाणे अडवण्याचा उद्योग अनेक घरांत चाले. पुढे संगणकावर जे झाले त्याची ही रंगीत तालीमच होती.

संगणकावर गाणे आणण्यातली पहिली अडचण आकारमानाची होती. कॉम्पॅक्ट डिस्कवरील ध्वनी एका सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो, प्रत्येक मोजणीला सोळा बिट लागतात आणि डाव्या-उजव्या अशा दोन बाजू असतात. म्हणजे एका सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, आणि पाच मिनिटांच्या गाण्याला जवळपास ५३ एमबी. विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतकाच होता, आणि चित्रे-ध्वनी चालवू शकणाऱ्या खात्यासाठी वैयक्तिक ग्राहकाला २५० तासांचे १५,००० रुपये भरावे लागत. हा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. डिस्कवरचे ते पाच मिनिटांचे गाणे जसेच्या तसे आणायचे तर सव्वाबारा तास लागले असते, आणि १५,००० रुपयांचे सगळे तास खर्चून पदरात वीस गाणी पडली असती. शिवाय टेलिफोनचे बिल वेगळे. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचे स्वस्त खाते होते, पण त्यावर केवळ अक्षरे दिसत, चित्र नाही आणि आवाजही नाही.

आकारमानाचा प्रश्न जर्मनीत सुटला. एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीचा आधार माणसाच्या कानाची मर्यादा हा होता: मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला कळतच नाही, जसे मिरवणुकीत ढोल-ताशा वाजत असताना शेजारच्याची कुजबुज कळत नाही, मग जे ऐकूच येणार नाही ते नोंदवायचे कशाला? ते गाळून उरलेला ध्वनी साठवला की फाइल दहा-अकरापट लहान होते. या फाइलींना जुलै १९९५ मध्ये ‘.एमपी३’ हे शेपूट मिळाले, आणि पाच मिनिटांचे गाणे पाच एमबीच्या आत आले. १९९७ साली ‘विनॅम्प’ हा छोटासा वादक-प्रोग्रॅम आला आणि घरच्या संगणकावर गाण्यांची यादी लावून काम करत बसणे शक्य झाले.

‘एमपी३’ला नाव मिळाले त्याच वर्षी, म्हणजे १९९५ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे रॉब ग्लेझर यांच्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स या कंपनीने ‘रिअलऑडिओ’ बाजारात आणला आणि दुसऱ्या वाटेचा आरंभ झाला. ही वाट वेगळ्या तत्त्वावर चाले. डाउनलोडमध्ये प्रत्येक बिट पोचलाच पाहिजे, एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवावा लागतो आणि त्याला वेळ लागला तरी चालते. स्ट्रीमिंगमध्ये उशिरा आलेला तुकडा मंगलाष्टके संपल्यावर पोचलेल्या अक्षतांइतकाच उपयोगाचा, म्हणून तो हरवला तर सोडून द्यायचा आणि पुढे जायचे. त्यासाठी आवाज इतका आवळलेला असे की तो सेकंदाला १४,४०० बिटांच्या मोडेमवरूनही येऊ शके, पण ऐकताना विहिरीतून आल्यासारखा वाटे. येणाऱ्या तुकड्यांच्या वेगातला चढउतार झाकण्यासाठी काही सेकंदांचा ध्वनी आधी साठवून मग वाजवायला सुरुवात होई. या तात्पुरत्या साठ्याला बफर म्हणतात, आणि तो रिकामा झाला की गाणे थांबून पडद्यावर ‘बफरिंग’ हा शब्द येई. इंटरनेटच्या शब्दांतला हा बहुधा सर्वांत जास्त शिव्या खाल्लेला शब्द असावा.

अमेरिकेत ही दुसरी वाट लवकर रुळली याचे एक कारण तिथल्या टेलिफोन बिलात सापडते. तिथे स्थानिक कॉलला बहुतेक ठिकाणी मिनिटामागे आकार नव्हता, आणि अमेरिका ऑनलाइन या कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये महिना १९.९५ डॉलरमध्ये अमर्याद वापर देऊ केल्यावर उरलासुरला मीटरही गेला. जोडणी दिवसभर चालू ठेवण्याला जादा पैसे पडत नसतील तर गाणे साठवण्याची निकड राहत नाही. ‘म्युझिकइंडियाऑनलाइन’ आणि ‘रागा’ यांसारख्या, भारतीय संगीत रिअलप्लेअरवर ऐकवणाऱ्या सेवांना परदेशस्थ भारतीयांचा मोठा आश्रय मिळाला त्यामागे घरची ओढ होतीच, पण ती ओढ तासन्‌तास पुरवणारे दरपत्रकही होते.

मुंबई-पुण्याच्या घरात मीटर दोन होते: एक इंटरनेटच्या तासांचा आणि दुसरा टेलिफोन कॉलचा. नोव्हेंबर १९९८ पासून खासगी कंपन्यांना इंटरनेटसेवेची मुभा मिळाली, तासांचे दर झपाट्याने उतरले, मोडेम ५६ केबीपीएसचे आले, तरी कॉलचे मीटर पडतच राहिले. अशा घरात तेच गाणे दहादा वाहते ऐकणे म्हणजे दहादा पैसे भरणे, आणि एकदा उतरवून घेणे म्हणजे एकदाच भरणे. साहजिकच भारतीय संगणकधारक साठवणारा झाला. पाच मिनिटांचे गाणे प्रत्यक्षात अठरा-वीस मिनिटे घेई. तेवढ्यात घरातल्या कोणी फोन उचलला की जोडणी तुटे आणि सतरा मिनिटांची मजुरी वाया जाई, म्हणून जिथे तुटले तिथून पुढे सुरू करणारे ‘गेटराइट’, ‘फ्लॅशगेट’ यांसारखे डाउनलोड मॅनेजर हे त्या काळी चैनीचे नव्हे, गरजेचे साधन होते. सायबर कॅफेत उतरवलेले गाणे घरी नेणे हाही एक प्रश्न होता, कारण फ्लॉपीत १.४४ एमबी मावत आणि गाणे असे त्याच्या तिपटीहून मोठे. ते विशेष प्रोग्रॅमने चिरून चार फ्लॉपींत भरायचे, घरी येऊन पुन्हा जोडायचे, आणि चौथी फ्लॉपी खराब निघाली तर सगळेच मुसळ केरात.

बहुसंख्य लोकांनी अर्थात इतका खटाटोप केला नाही. सीडी-रायटर स्वस्त झाल्यावर ७०० एमबीच्या एका चकतीत दीडशेच्या आसपास गाणी बसू लागली, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तिथल्या संगणकाच्या दुकानांबाहेरच्या पदपथावर अशा चकत्या बिनबोभाट मिळत. एकाने डाउनलोड करायचे, शंभरांनी नक्कल करून घ्यायची, असा हा व्यवहार होता आणि तो उघडउघड बेकायदा होता. भारतातील डाउनलोडचा इतिहास तारेइतकाच हातोहात फिरलेल्या चकत्यांचाही आहे, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासांत सहसा लक्षात घेतले जात नाही.

जगाच्या बाजारात या काळात मोठी उलथापालथ झाली. १९९९ च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग या विद्यार्थ्याने ‘नॅपस्टर’ सुरू केले, त्यात प्रत्येकाच्या संगणकावरची गाणी प्रत्येकाला खुली झाली, ध्वनिमुद्रण कंपन्यांनी डिसेंबरात दावा लावला आणि जुलै २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी ‘बिटटोरंट’ मांडले. त्यात एकच फाइल अनेकांकडून तुकड्या-तुकड्यांनी येते आणि घेणारा घेता घेता देणाराही होतो, त्यामुळे मागणी वाढली की वेगही वाढतो. तंत्र म्हणून ते निर्दोष होते. त्यावरून काय फिरले हा भाग वेगळा. आयआयटी मुंबईसारख्या संस्थांच्या वसतिगृहांत तर बाहेरच्या इंटरनेटची गरजही फारशी उरली नाही, कारण ‘डीसी प्लस प्लस’ या प्रोग्रॅममुळे आतल्या जाळ्यावरच एका खोलीतला चित्रपट दुसऱ्या खोलीत काही मिनिटांत पोचू लागला.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि किमान २५६ केबीपीएस वेगाच्या, सतत चालू राहणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे असे ठरवले. जानेवारी २००५ पासून भारत संचार निगमची ‘डेटावन’ सेवा सुरू झाली. टेलिफोन आणि इंटरनेट एकाच तारेवर एकाच वेळी चालू लागले, कॉलचे मीटर थांबले, आणि आता स्ट्रीमिंगचे दिवस येतील अशी अपेक्षा कोणीही केली असती. पण मीटर गेले नव्हते. ते मिनिटांवरून एमबींवर सरकले होते. महिन्याला ठरावीक मर्यादा, ती ओलांडली की प्रत्येक एमबीला पैसे, आणि बेसावध ग्राहकाला हजारोंचे बिल, असा हा नवा हिशेब होता.

त्यातूनच या इतिहासातला सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण प्रकार घडला. काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ या वेळातला वापर मोजला जात नसे. आठवड्यातून ठरावीक वेळी येणारे नळाचे पाणी पिंपात भरून ठेवण्याची ज्या घरांना सवय, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. टोरंटच्या प्रोग्रॅममध्ये वेळापत्रक लावण्याची सोय होती; तिथे दोनचा ठोका मांडायचा, संगणकाचा पडदा बंद करायचा, पंख्याची घरघर ऐकत झोपायचे आणि आठच्या आत उठून मोडेम बंद करायचा, कारण आठ वाजून पाच मिनिटांनी चालू राहिलेले डाउनलोड महिन्याच्या कोट्यातून कापले जाई. आणखी एक योगायोग असा की, २५६ केबीपीएसच्या पूर्ण वेगाने सहा तासांत सुमारे ६९० एमबी येतात, आणि एका सीडीत मावावा म्हणून आवळलेला चित्रपट त्या काळी नेमका ७०० एमबीचा असे. एका रात्रीत एक चित्रपट, तोही सकाळी शेवटचे दोन-चार टक्के उरलेला, हे प्रमाण कोणी ठरवून आखले नव्हते.

दरम्यान २००५ मध्ये यूट्यूब आले, पुढच्या वर्षी गूगलने ते १.६५ अब्ज डॉलरना घेतले, आणि डाउनलोड व स्ट्रीमिंग यांतली रेषा पुसट झाली. यूट्यूबची सुरुवातीची चित्रफीत खऱ्या अर्थाने वाहती नव्हती. फाइल क्रमाने उतरत असे आणि उतरलेला भाग लगेच दिसू लागे, ज्याला क्रमिक डाउनलोड म्हणता येईल. चित्राखालच्या पट्टीत उतरलेला भाग फिकट रंगाने पुढे सरकताना दिसे, आणि वेग कमी असलेल्या घरांत ती पट्टी पूर्ण भरेपर्यंत चित्र थांबवून चहा करून घेण्याचा प्रघात पडला. चतुर वापरणाऱ्याला हेही कळले की तेवढा वेळ ती संपूर्ण फाइल संगणकाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडलेली असते. तिची नक्कल दुसरीकडे करून नाव बदलले की वाहते गाणे उतरवलेले झाले. रेडिओसमोरचा टेपरेकॉर्डर नव्या रूपात परत आला होता. २००७ मध्ये खुद्द रिअलप्लेअरच्या अकराव्या आवृत्तीत वेबपानावरची चित्रफीत उतरवून घेण्याचे बटण देण्यात आले. ज्याने स्ट्रीमिंग लोकांपर्यंत नेले त्यानेच बारा वर्षांनी साठवणुकीची सोय करून द्यावी, यातला विरोधाभास गमतीचा आहे. पुढे प्रसारकांनी चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे करून, जोडणीचा वेग पाहून प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जाचा पाठवण्याची पद्धत स्वीकारली, तेव्हा तात्पुरत्या फोल्डरमध्ये अखंड फाइल सापडणे बंद झाले.

कायदेशीर डाउनलोडची विक्री भारतात मूळ धरू शकली नाही. अ‍ॅपलचे आयट्यून्स दुकान अमेरिकेत एप्रिल २००३ मध्ये उघडले आणि भारतात यायला डिसेंबर २०१२ उजाडले. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये सुरू केलेले ‘फ्लाइट’ हे गाणी विकणारे दुकान जून २०१३ मध्ये बंद झाले. मार्च २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने १०४ संगीत-संकेतस्थळे अडवली गेली, पण फुकटाची सवय आदेशाने जात नसते. शब्दांसह मराठी गाणी ऐकवणाऱ्या ‘आठवणीतली गाणी’सारख्या निरपेक्ष उपक्रमाने, आणि जाहिरातींवर चालणाऱ्या सावन, गाना, धिंगाणा यांसारख्या सेवांनी, लोकांना उतरवण्याऐवजी ऐकण्याकडे वळवले. यांपैकी ‘धिंगाणा’ ही सेवा स्नेहल आणि स्वप्निल शिंदे या जुळ्या भावांनी २००७ मध्ये सुरू केली आणि तिचे एक कार्यालय पुण्यात होते. एका मोठ्या संगीत कंपनीशी असलेला परवाना पुढे चालू राहिला नाही तेव्हा २०१४ च्या आरंभी ती थांबली, अमेरिकेतील ‘आरडिओ’ने ती विकत घेतली, आणि २०१५ च्या अखेरीस आरडिओचेही दिवाळे निघाले. ऐकणाऱ्यांनी खपून जमवलेल्या याद्या या उलाढालींत कोठे गेल्या याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

साठवणुकीची सवय मोडली ती पुन्हा दरपत्रकानेच. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि काही महिने ती फुकट होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार मोबाइलवरच्या एक जीबी माहितीचा सरासरी खर्च २०१४ मधील २६९ रुपयांवरून २०१८ मध्ये ११.७८ रुपयांवर आला. नळाला चोवीस तास पाणी आल्यावर पिंपे अडगळ वाटू लागतात, तशी घराघरांतल्या संगणकावरची ‘जुनी गाणी’, ‘नवीन जुनी गाणी’, ‘बाबांची नाट्यगीते’ अशा नावांची फोल्डरे न उघडता पडून राहिली.

याच सुमारास उतरवलेले आणि वाहते गाणे यांतला भेद न्यायालयात पोचला. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात आलेल्या कलम ३१-डी नुसार प्रसारण संस्थेला मालकाच्या संमतीवाचून, ठरावीक मोबदला भरून गाणी प्रसारित करता येतात. ‘टिप्स’ ही मुंबईची संगीत कंपनी आणि एअरटेलची ‘विंक’ सेवा यांच्यात परवान्याच्या रकमेवरून फिसकटल्यावर विंकने या कलमाचा आधार घेतला. न्या. एस. जे. काथावाला यांनी मुंबई उच्च न्यायालयात २३ एप्रिल २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासल्या. मागणीनुसार वाहते गाणे ऐकवणे हे आकाशवाणी किंवा दूरचित्रवाणीचे प्रसारण नव्हे, म्हणून ते या कलमात बसत नाही. आणि गाणे ग्राहकाच्या यंत्रात साठवू देणे हे तर प्रसारणच नव्हे. पैसे घेऊन कायमचे दिले असेल तर ती विक्री, आणि वर्गणी चालू असेपर्यंत दिले असेल तर ते भाड्याने देणे. तांत्रिक प्रक्रियेत होणाऱ्या क्षणिक साठवणुकीला कायद्यात सूट आहे, पण ती सूट या साठवणुकीला लागू होत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. २० ऑक्टोबर २०२२ रोजी द्विसदस्यीय पीठाने हा निर्णय कायम केला.

आजच्या बहुतेक सेवांमध्ये ‘डाउनलोड’ असे लिहिलेले बटण असते आणि ते दाबल्यावर गाणे यंत्रात उतरतेही. मात्र ती फाइल कुलूपबंद असते, पेन ड्राइव्हवर टाकली तर दुसरीकडे वाजत नाही, आणि वर्गणी संपल्यावर यादीत नाव दिसत राहते पण ओळ फिकट होऊन गाणे लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तिला भाड्याची वस्तू म्हटले. बटणावरचा शब्द मात्र जुनाच आहे.